जेवढी लंगडते तेवढीच

"सलवार वर घ्या. अजून वर."

नगरच्या एका शाळेचा वर्ग. अपंगांच्या स्पर्धेआधी कोण किती अपंग ते पाहून गट ठरवायची तपासणी. दार सताड उघडं, दारात बाकीच्या खेळाडूंची रांग. डॉक्टरांनी माझी पोलिओची पोटरी दोन बोटांत दाबून पाहिली, बाजारात वांगं दाबतात तशी.

"चाला. परत चाला."

चालले. डॉक्टरांशेजारी बसलेले स्पर्धेचे साहेब हसले. "ही तर वरातीत नाचेल. हिला कशाला आणलं अपंगांत?"

रांगही हसली. त्यांचीही पाळी येणार होती, तरी हसली.

मी देवळालीची. बापाने मला उसाच्या बांधावर चालायला शिकवलं. "सरळ चाल गं. लोकं हसत्यात." दातओठ खाऊन लंगडणं लपवायला शिकले. त्याचीच शिक्षा झाली. साहेबांनी मला कमी अपंगत्वाच्या गटात टाकलं. तिथे गोळाफेकीत माझा गोळा सगळ्यांच्या मागे पडला.

आमचे प्रशिक्षक सर बाहेर म्हणाले, "तुलाच अक्कल न्हाई. आत जाताना पाय वढायचा. समदे तेच करत्यात."

पुढच्या तपासणीला पाय ओढला. हवा तो गट मिळाला. पदकं आली. हे कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्यांचे पाय मात्र बघत राहिले. ही जिना कशी चढते, ती एकटी असताना कशी चालते. मला सगळ्यांचेच पाय खोटे दिसायचे.

नेवाशाच्या शोभाचेही. तिचे दोन्ही पाय अधू. गोळा फेकताना झोकांडी जायची. राज्याच्या संघात एकच जागा होती आणि माझा गोळा तिच्यापुढे वीतभर पडला.

"ताई, तुमचा हात लई भारी हाय," ती म्हणाली. पायाबद्दल काही बोलली नाही. तिला कळलं होतं का? अजून मला ठरवता येत नाही. त्यानंतर ती मैदानावर दिसली नाही.

परवा फेरतपासणी होती. तसाच वर्ग, तसंच दार. पाय ओढायला गेले आणि अडखळले. माझी खरी चाल कोणती, मलाच आठवेना. एक बापाची, एक सरांची.

मागे वळून दार लावलं.

"दार कशाला लावलं?"

"तपासणी माझी हाय. रांगेची न्हाई."

मग पाय पडेल तसा पडू दिला.

टेबलामागच्या मॅडमनी जुना कागद पाहिला. "मागच्या वेळी जास्त लंगडत होतात." आवाजात त्या साहेबांचाच जुना संशय. या वेळी तो खरा होता.

"व्हय. खोटं लंगडत हुते. लिहून घ्या. कुनी शिकवलं, तेबी लिहा."

"बाई, बंदी येईल. पदकं जातील."

"जाऊ द्या. शोभाची जागा मी खाल्ली, हे पन लिहा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी ते उचललं आणि स्वतः लिहिलं.

बंदी येईल तेव्हा येईल. पुढच्या तपासणीला मी त्या दारात उभी असेन. कुणाचा पाय बघायचा असेल, तर आधी दार लावावं लागेल. पाय ओढायला शिकवणाऱ्याचं नाव कागदावर येईल, आणि सरळ चालणारीला 'वरातीत नाचेल' म्हणून हसणाऱ्याचंही.

त्या कागदावर माझं नाव पहिलं आहे.