माकडराजाचा दंड आणि वीस डॉलरची बस

रविवार आला की माझं बूड खोलीत टेकत नाही. फिलाडेल्फियाला सुतारकामावर आलो तेव्हापासून हे असंच. २००७च्या फेब्रुवारीत वेनकाका म्हणाले, "चिनी नवं वर्ष आहे. न्यूयॉर्कला येतोस? ओझं उचलायला माणूस पाहिजे." दोघांचंही इंग्रजी तोडकंमोडकं, म्हणून आमचं चांगलं जमतं.

वेनकाका आमच्या वर्कशॉपात पॉलिश करतात. न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधल्या मिरवणुकीत ते दरवर्षी जुन्या चिनी गोष्टींतला माकडराजा व्हायचे. या राजाचं हत्यार म्हणजे लोखंडी दंड. आधी तो समुद्राच्या तळाशी उभा होता, कुणाच्यानं हलेना. राजाचं मात्र त्यानं ऐकलं. "मोठा हो" म्हटलं की आभाळाला टेकणार, "छोटा हो" म्हटलं की सुईएवढा होऊन कानात बसणार. काकांचा दंड लाकडी, पण चांगलाच जड. त्या वर्षी ते उजवा पाय ओढत चालत होते. डॉक्टरने सांगितलेली काठी ते हातात धरत नव्हते. दंड आपल्या शिष्येला, मेईला, सोपवायचा एवढंच मनात.

चायनाटाउनच्या बसचे जाऊन-येऊन वीस डॉलर. लवकर जा आणि टॉयलेटजवळची सीट घेऊ नका. दंड बघून ड्रायव्हर चिनीत काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, याला छोटा व्हायला सांगा, नाहीतर याचंही तिकीट काढा."

मी हसलो. काका हसले नाहीत.

उतरल्यावर गल्लीत डॉलरला पाच डंपलिंग खाल्ली. शाकाहारी असाल तर आधी विचारा, कोबीतही मांस निघतं. रस्त्यावर ढोल, फटाके, हाडं गोठवणारी थंडी. काका माझा खांदा धरून उभे.

मेई राजाच्या वेषात आली. हातात अॅल्युमिनियमचा दंड. बटण दाबलं की लाल-पिवळा पेटायचा, एकात एक मिटवला की पिशवीत मावायचा. पोरं "डू इट अगेन!" म्हणून ओरडत होती. त्यांना दंड व्हिडिओ गेममधून ठाऊक.

काकांचा दंड तिने दोन्ही हातांवर घेतला, कपाळाला लावला आणि परत दिला.

"मास्टर, हा मला झेपत नाही. गर्दीत निसटला तर?" ती इंग्रजीत म्हणाली.

"बरोबर आहे," काका म्हणाले.

ती नाचली फार सुंदर. तिच्या प्रत्येक गिरकीला काकांचं मनगट कोटाच्या खिशात वळत होतं.

परतीला तोच ड्रायव्हर होता. त्याने दंडाकडे पाहिलं आणि आमची दोन तिकिटं तपासली.

सोमवारी काकांनी दंड माझ्या टेबलावर आडवा ठेवला. कमरेखाली हात धरून उंची दाखवली. "इथे काप."

मी कानामागची पेन्सिल काढून खूण केली, पण करवत लावायला हात होईना.

"काका, नक्की ना?"

ते दंडावर वाकले. त्याला चिनीत हळूच काहीतरी म्हणाले. काय ते मी विचारलं नाही. करवत लावली.

न्यूयॉर्कहून दुसरं काही आणलं नाही. उरलेला तुकडा माझ्या खोलीत कोपऱ्यात उभा आहे, तिथून हलवावासा वाटत नाही. सकाळी वर्कशॉपात रंधा मारत असतो तेव्हा जिन्यावर टकटक ऐकू येते, मग काका दिसतात.