उनाइसीआत्याच्या चौदा चटया

माझी आत्या उनाइसी चटया विणते. नवीन माणूस भेटला की ती स्वतःची ओळख एवढीच करून देते आणि मग त्याच्या पायांकडे बघते. पाय स्वच्छ असतील तर बसायला सांगते.

ती अडुसष्ट वर्षांची आहे. नवरा जाऊन एकोणीस वर्षं झाली. वोइवोईची, म्हणजे केवड्याच्या जातीची, लांब पानं तोडायची, उकळायची, उन्हात वाळवायची, शिंपल्याने घासून मऊ करायची आणि मग गुडघे दुमडून दिवसभर विणत बसायचं, यात तिचा उजवा अंगठा पार चपटा झालाय. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांत मोतीबिंदू झाला तरी तिने विणणं थांबवलं नाही. बोटांनीच विणायची. चटई जमली की नाही हे ती अनवाणी तळव्याने चालून तपासायची. मुलीने राजधानीतून, सुवाहून, पाठवलेल्या सोफ्यावर ती कधी बसली नाही. त्यावर धुतलेले कपडे बसतात.

आता माझ्याविषयी. मी सामिसोनी, तिच्या धाकट्या भावाचा मुलगा. सुवात वाढलो, वेलिंग्टनला दोन वर्षं इमारत-तंत्रज्ञान शिकलो आणि परत आलो तो जगातलं प्रत्येक घर मला आजारी दिसायला लागलं होतं. माझ्याकडे हवेतला दमटपणा मोजायचं एक यंत्र होतं. कुणाच्याही घरी गेलो की चहा यायच्या आत मी ते खिशातून काढायचो. त्यामुळे काही घरांतून चहा येणं बंद झालं.

त्या जुलैत मी कोरो बेटावर, आत्याच्या गावी गेलो तेव्हा यंत्राने आत्याच्या घरात शंभरापैकी चौऱ्याऐंशी दाखवले. परीक्षेत मला इतके कधी पडले नव्हते. मोठ्या वादळानंतर सिमेंटच्या विटांचं आणि पत्र्याचं बांधलेलं ते घर. जमिनीवर प्लास्टिकचं आच्छादन, त्याखाली ओल, भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी. आत्या पहाटे खोकायची. मी वहीत लिहिलं : ‘या घराला शांतता आणि श्वास हवा आहे.’ आता हे वाक्य वाचताना मला कुठे तोंड लपवू असं होतं, पण तेव्हा मी त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

आत्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे मुलीकडे सुवाला जाणार होती. बोटीत चढताना तिने मला सांगितलं, “कोंबड्यांना दाणे टाक. बाकी कशाला हात लावू नकोस.”

“तू परत येशील तेव्हा घर ओळखणार नाहीस, आत्या.”

“ओळखायला काय, दिसत कुठे आहे,” ती म्हणाली आणि बोट सुटली.

मी त्याच दिवशी कामाला लागलो. प्लास्टिकचं आच्छादन उपटून काढलं. भिंतीला पांढरा चुना दिला. कपाट भिंतीपासून हलवलं तर त्यामागे एक आख्खी खिडकी निघाली. मग आत्याची गादी उचलली आणि मला खजिनाच सापडला. गादीखाली एकावर एक चौदा चटया होत्या. इतक्या बारीक विणीच्या की हात फिरवला तर कापडासारख्या वाटाव्यात. आणि त्या अशा हवा न लागता दडपून ठेवलेल्या! माझ्यातला तंत्रज्ञ कळवळला. स्थानिक, नैसर्गिक, हाताने बनवलेलं साहित्य गादीखाली, आणि डोळ्यांसमोर प्लास्टिक. मी ठरवलं, पाच चटया जमिनीला, सहा भिंतींना, तीन छताला.

अडचण एकच होती. प्रत्येक चटईच्या चारी बाजूंना लोकरीची झालर होती : गुलाबी, पोपटी, नारिंगी, निळी, सगळी एकाच चटईला. आमच्याकडे सगळ्याच चांगल्या चटयांना असते. पण ती लोकर दुकानातली, कृत्रिम. माझ्या वहीतल्या घरात फक्त वाळूचा, लाकडाचा आणि पानाचा रंग होता. तिथे नजर विसावणार होती. मी कात्री घेतली. चौदा चटयांची झालर कापायला चार दिवस लागले. काहीही वाया घालवायचं नाही म्हणून कापलेल्या तुकड्यांची मी एक उशी भरली, आत्याला भेट.

चिकटवायला बाजारातला रासायनिक डिंक नको होता. मी कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, पिठाची खळ शिजवली आणि जमिनीवरच्या चटया चिकटवल्या. भिंतीवरच्या आणि छतावरच्या लाकडी पट्ट्या लावून खिळ्यांनी ठोकल्या.

शेजारची वासेमाथा रोज कुंपणापाशी उभी राहून बघायची. ती आत्याची बालमैत्रीण.

“उनाइसीला विचारलंस का रे?”

“तिला चकित करायचंय.”

“होईल, होईल,” वासेमाथा म्हणाली. मला वाटलं, ती कौतुक करतेय.

गावातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मलाही ठाऊक होतं, की आत्याच्या नातीचं, मिलिकाचं, लग्न ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी आहे. मी रजाच त्यासाठी घेतली होती. आमच्या लग्नात दोन्हीकडच्या बायका चटया आणून एकावर एक अंथरतात आणि त्या थरांचा नवरा-बायकोचा बिछाना होतो. त्याला तेवुतेवु म्हणतात. मुलीकडच्यांचे थर बारीक विणीचे आणि भरगच्च झालरीचे असले की मुलगी सासरी ताठ मानेने जाते. हेही मला माहीत होतं. फक्त त्या चटया आधी कुठेतरी असाव्या लागतात, हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. केक कसा, लग्नाच्या दिवशी आतल्या खोलीतून येतो, तसं काहीतरी मी धरून चाललो होतो.

आत्या काळा चष्मा लावून बोटीतून उतरली. दारात चपला काढल्या, चष्मा काढला आणि उभी राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला स्वच्छ दिसत होतं. मी यंत्र हातात घेऊन तयार होतो. एकोणसत्तर! पंधरा अंकांनी खाली! पण तिने यंत्राकडे बघितलं नाही. ती भिंतीजवळ गेली आणि चटईवर बोट ठेवलं.

“ही मिलिका चालायला लागली त्या वर्षीची.” पुढची. “ही वादळाच्या आधीची. छपरासकट सगळं उडालं तेव्हा मी हिच्यावर पालथी पडले होते.” मग तिने वर बघितलं. मोजलं. खाली बघितलं. “आणि लोकर?”

“आत्या, ती प्लास्टिकची होती.”

“होती ना,” आत्या म्हणाली. “माझी होती.”

मी उशी पुढे केली. तिने ती घेतली, दाबून बघितली आणि मांडीवर ठेवून तशीच खाली बसली. बसली ती चटईवर, आणि चटईचा कोपरा तिच्या हाताबरोबर वर आला. त्याखालून तीन झुरळं निघाली. कसाव्याची खळ आमच्या हवेत सुकतच नाही. मात्र झुरळांना आणि उंदरांना ती आवडते. हे वेलिंग्टनला कुणी शिकवलं नव्हतं, कारण तिथे कसावा नाही.

“सोळा दिवस राहिलेत,” आत्या म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. “मुलाकडची तोरिका दोन वर्षं विणतेय. ती तिचे थर अंथरेल. मग सगळे माझ्याकडे बघतील. मी काय अंथरू? तुझी भिंत?”

“दुसऱ्या आणता येतील का? विकत?”

“लोक म्हणतील उनाइसीने नातीसाठी बाजारातून आणल्या. त्यापेक्षा भिंतच अंथरते.”

वासेमाथा दारात येऊन उभी होतीच. “झाली ना चकित?” ती मला म्हणाली.

दुसऱ्या सकाळी गावातल्या अकरा बायका आत्याच्या घरात शिरल्या आणि दुपारपर्यंत माझं शांत, निरोगी घर त्यांनी सोलून काढलं. जमिनीवरच्या चटया सहज सुटल्या. माझं काम जरा चांगलं असतं तर त्या फाटल्या असत्या, तेव्हा माझ्या हलक्या कामगिरीचा हा एक फायदा. भिंतींवरच्या चटयांना खिळ्यांची भोकं होती. ती पानाच्या पट्ट्या घालून बुजवता येण्यासारखी होती. सगळ्या चटया समुद्रात बुडवून खळ धुतली आणि किनाऱ्यावर वाळत टाकल्या. तेरा वाचल्या. चौदाव्या चटईचा एक मोठा कोपरा उंदराने खाल्ला होता.

सभागृहात काम सुरू झालं. उशीतले तुकडे पुन्हा लावायला फारच आखूड होते. प्रत्येक घरातून उरलीसुरली लोकर आली, कुणाचे अर्धवट गुंडे, कुणाच्या बाळाची उसवलेली टोपी. बोटीने आणखी मागवली. मला लोकरीचे बोटभर लांब तुकडे करायचं काम दिलं. ज्या हाताने कापली त्याच हाताने काप, असं वासेमाथाचं म्हणणं. माझ्या वयाची पोरं यांगोना, ते मुळांचं नशिलं पेय, प्यायला जाताना खिडकीपाशी थांबायची.

“काय इंजिनिअरसाहेब, चालू आहे का संशोधन?”

“यंत्र लावून बघ रे, आत्याचा राग किती टक्के आहे?”

शंभर होता. आत्या माझ्याशी बोलत नव्हती. काही हवं असेल तर वासेमाथाला सांगायची, “त्याला म्हणावं निळी दे.” मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसलेला असायचो. पण मी रोज एक गोष्ट बघत होतो : नव्या डोळ्यांनी ती स्वतःची वीण दोन वर्षांनी नीट न्याहाळत होती. मधेच थांबायची, चटई तिरकी धरायची. एकदा म्हणाली, “इथे चुकलेय मी. दोन पट्ट्या उलट्या.” वासेमाथा म्हणाली, “बारा वर्षांत कुणाला दिसली का?” आत्या म्हणाली, “मला दिसली ना,” आणि तेवढा भाग उसवायला घेतला. सोळातले नऊ दिवस संपलेले असताना.

खोकला मात्र कमी झाला होता. मला वाटलं चुन्यामुळे. आत्याने वासेमाथाला सांगितलं, “कपाटामागची खिडकी उघडलीय, छान वारा येतो. त्याला म्हणावं, कपाट परत लावू नकोस.” संपूर्ण आराखड्यातली ही एकच गोष्ट मी न ठरवता केली होती.

शेवटच्या गुरुवारी उंदराने खाल्लेल्या चटईचं काय करायचं हा प्रश्न आला. बायकांनी तिचा खराब भाग काढून, कडा आत मुडपून एक छोटी चटई केली, जेमतेम हातभर रुंद. पण तिच्या झालरीला लोकर संपली. बोट सोमवारी येणार होती, लग्न शनिवारी होतं.

दुपारी दक्षिणेचा गार वारा सुटला होता, मी स्वेटर घातला होता. वेलिंग्टनला शिष्यवृत्तीच्या पैशांतून घेतलेला, मेंढीच्या शुद्ध लोकरीचा, न रंगवलेला, करडा. त्याच्याविषयी मी याच बायकांना एकदा पाऊण तास माहिती दिली होती.

हळूहळू सभागृहात बोलणं थांबलं. मी वर बघितलं. अकरा जणी माझ्या छातीकडे बघत होत्या.

“नैसर्गिक आहे ना रे तो?” वासेमाथाने विचारलं.

“आहे, पण...”

“बघा, पण म्हणतोय!”

तेव्हा आत्या दोन आठवड्यांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली. “काढ,” ती म्हणाली.

एका बाहीपासून सुरुवात करून त्यांनी तो वीस मिनिटांत उसवला. ती करडी झालर इतर तेरा चटयांच्या गुलाबी-पोपटी थाटात अगदी सुतकी दिसत होती. आत्या म्हणाली, “सगळ्यात खाली घालू. दिसणार नाही. पण चौदा म्हटलंय तर चौदा.”

शनिवारी तेवुतेवुला आमच्या बायका गाणी म्हणत, कंबर हलवत, चटया डोक्यावर घेऊन आल्या. तोरिकाकडच्यांनी आधी अंथरल्या होत्या. सुंदर होत्या, खोटं कशाला बोलू. ती वराची आत्या, उंच, फुलाफुलांच्या झग्यातली बाई, हात कमरेवर ठेवून बाजूला उभी होती. आमच्या उनाइसीआत्याने पहिल्यांदा ती छोटी चटई पटकन सरकवली, तिच्यावर लगेच दुसरी, मग तिसरी. थर चढत गेले. टाळ्या पडत होत्या. खिळ्यांची भोकं मला प्रत्येक थरात दिसत होती, पण दुसऱ्या कुणाचं लक्ष नव्हतं. आत्याने चौदा पुरे केले आणि कपाळाचा घाम पुसला.

तेवढ्यात तोरिका वाकली. अशा वेळी बायका थरांचे कोपरे उचलून वीण बघतात, तो त्यांचा हक्कच असतो. एक, दोन, पाच, नऊ. मान डोलवत होती. मग तिने आमच्या थरांतला सगळ्यात खालचा कोपरा उचलला.

“अगं बाई, ही काय एवढीशी?” तिने ती ओढून बाहेर काढली आणि सगळ्यांसमोर उंच धरली. हातभर चटई, चारी बाजूंना करडी झालर. “आणि हा कसला रंग?”

गाणं थांबलं. मिलिका मासीच्या, म्हणजे झाडाच्या सालीच्या, कोऱ्या वस्त्रात नटून बसली होती. तिने आधी चटईकडे बघितलं, मग माझ्याकडे. स्वेटर तिने ओळखला. मी खांबामागे सरकलो. खांब अरुंद होता.

उनाइसीआत्या पुढे झाली. तिने तोरिकाचा हात धरला आणि तिचं बोट झालरीवरून फिरवलं.

“मऊ लागतं का?”

“लागतं,” तोरिकाने कबूल केलं. पुन्हा फिरवलं. “फारच मऊ आहे गं.”

“बाळाची आहे,” आत्या म्हणाली. “दुकानातली लोकर तान्ह्या अंगाला टोचते. ही परदेशातली, मेंढीची. आमच्या पोराने मुद्दाम तिकडून आणलीय. खाली ठेवली, कारण आधी नवरा-बायको, मग बाळ.”

तोरिकाने आणखी एकदा झालर चाचपली. मग तोरिका मागे वळून आपल्या बायकांना ओरडली, “बघा! यांनी बाळाचीसुद्धा आणलीय! आपल्यातल्या कुणाला सुचलं का?” आणि तिने ती छोटी चटई सगळ्या थरांच्या वर, उशांच्या मधोमध ठेवली.

“इतकी घाई?” मागून कुणीतरी म्हणालं. “कितवा महिना?”

सभागृह हसून कोसळलं. बायका मिलिकाच्या पोटाकडे बोटं दाखवून नाचायला लागल्या. नवरा लाल झाला. मिलिका ओठ न हलवता मला म्हणाली, “सामीमामा, तू सोमवारच्या बोटीने जा. नक्की जा.”

मी आत्याकडे गेलो. ती थरांच्या कडेला बसून तळवा सगळ्यात वरच्या चटईवर हळूहळू फिरवत होती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

“गप्प बस,” आत्या म्हणाली आणि बाजूला सरकून माझ्यासाठी जागा केली. “तोरिका येतेय. विचारेल लोकर कितीला मिळाली. मी सांगते.”