जयंतीतली हिरवी बॅटरी

डॉक्टरांनी मशीनवर माझ्या उजव्या डोळ्याच्या आतला फोटो दाखवला. नारंगी गोल, आणि बरोबर मधोमध एक डाग. गोधडीवर बिडीची ठिणगी पडून जळतं तसा. "हे औषधानं जाणार नाही," ते म्हणाले. मला रडू आलं नाही, संताप आला. तो अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे स्केचपेनने मोठाली अक्षरं काढते आणि मान तिरकी करून बघते. सरळ बघितलं की अक्षर नाहीसं होतं.

माझा डावा डोळा लहानपणीच गेला. कापूस वेचताना पऱ्हाटीची काडी लागली. त्याला उजेड तेवढा कळतो. शाळा चौथीपर्यंत झाली. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण वाचायला मला येतं, स्पष्ट येतं. आमच्या विहारात पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात, आणि अकरा वर्षं तो मीच वाचत आले. पुस्तक समोर असलं की मला लाज वाटत नाही. तेवढे तीन महिने गाव माझा आवाज ऐकायचं.

यंदा एप्रिलातल्या जयंतीच्या आधी धाकट्या दिरांनी मोबाईलवरून लेझरची बॅटरी मागवली. मुठीत मावेल एवढी, पण हिरवा उजेड पार गावाबाहेरच्या टाकीपर्यंत जायचा. त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"वहिनी, हा फुगा धरा. माचिस न लावता फोडतो."

वाढदिवसाचा उरलेला काळा फुगा होता. मी हात लांब करून धरला. जराशा वेळात फट्‌कन फुटला. सगळे हसले, मीही हसले. जी वस्तू लांबून फुगा जाळते ती माणसाच्या तोंडावर मारायची नसते, एवढं आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यात दोघं पदवीधर होते.

मिरवणूक दिवस मावळताना निघाली. पांढऱ्या साड्या नेसून आम्ही बायका मागे चालत होतो. दीर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर डीजेशेजारी उभे राहून गर्दीवर ती बॅटरी फिरवत होते. मी नाचत नाही, हे गावाला माहीत आहे. "आमच्या वहिनीला नाचवा रे!" ते माईकवर ओरडले आणि उजेड माझ्यावर धरला. मी पदर तोंडावर घेतला. बायका खिदळल्या. उजेड गेला असेल म्हणून पदर खाली केला, आणि तो नेमका डोळ्यात आला.

दुखलं नाही. हेच सांगून मी थकले. सूर्याकडे बघितल्यावर येतो तसा डाग आला फक्त. सकाळपर्यंत जाईल म्हटलं. सकाळी चहा गाळताना कपाची कड दिसली, आतला चहा दिसला नाही. सासूबाईंच्या चेहऱ्यावर नाक नव्हतं.

"डोळा तर साफ दिसून राह्यला," सासूबाई म्हणाल्या. "लाल न्हाई, पाणी न्हाई." त्यांनी गुलाबजल घातलं. नवरा म्हणाला, "दुखत न्हाई ना? मंग जाऊ दे." मीही जाऊ दिलं. तीन महिने.

आषाढी पौर्णिमेला विहारात ग्रंथ उघडला. पहिलं पान पाठ होतं, ते म्हणून गेले. पान उलटलं, तर ओळीतला मधला शब्दच नव्हता. नजर सरकवली, डागही सरकला. जिथं बघावं तिथं तोच. पहिल्या रांगेत बसणारी म्हातारी आजी म्हणाली, "थांबलीस का गं पोरी?" मी ग्रंथ मिटला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यासोबत जालन्याला गेले. डोळा तपासून डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "मिरवणुकीत होता का?" मी काही सांगितलं नव्हतं तरी त्यांना कळलं. "भिंगानं ऊन गोळा केलं की कागद जळतो ना? डोळ्यातही भिंगच आहे. लेझरचा उजेड आतल्या पडद्यावर गोळा होतो, आणि पापणी मिटायच्या आत काम होतं. पडद्याला दुखणं कळत नाही, म्हणून लोक उशिरा येतात." गणपतीतून येतात, उरुसातून येतात, लग्नातून येतात, म्हणाले. नवऱ्याने विचारलं, लवकर आलो असतो तर? "जळलेलं जळलेलंच," डॉक्टर म्हणाले.

परतताना जीपमध्ये नवरा कानाशी म्हणाला, "चष्म्याचा नंबर वाढला म्हण. घरातली गोष्ट हाय." घरी दीर म्हणाले, "मी काय मुद्दाम केलं का वहिनी? सगळेच मारून राह्यलते. तुम्हीच वर बघितलं."

तुम्हीच वर बघितलं! जन्मभर मान खाली घालून चालले. एकदा वर बघितलं तर तो माझाच गुन्हा.

संध्याकाळी विहारात आजीने सगळ्यांसमोर विचारलं, "काय म्हणला डॉक्टर?" नवरा माझ्याकडे टक लावून बघत होता. समोर पुस्तक नव्हतं. तरी सांगितलं. "फुगे फोडायची बॅटरी माझ्या डोळ्यावर मारली. ह्या माझ्या दिरानं. आता मला वाचता येत न्हाई."

मग आजी दिरांना म्हणाली, "तू बी.ए. हायेस ना? बस इथं. वाच."

तेव्हापासून ते वाचतात. अडखळतात, कंटाळा आला की ओळ गाळतात. गाळलेली ओळ मला पाठ असते, मी तिथंच थांबवते. लोक म्हणतात, बघ, सुधारला. मला तसं वाटत नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही.

काल कळलं, ती बॅटरी त्यांनी अंबडच्या मित्राला दिली आहे. गणपतीच्या मिरवणुकीसाठी. ऐकून माझ्या अंगाची लाही झाली. वाचन चालू होतं तिथंच मी म्हणाले, "भावजी, ग्रंथ मिटा. आधी ती बॅटरी परत आणा."

"दिलेली वस्तू कशी मागू वहिनी? इज्जत जाईल माझी."

"मंग मी मागते."

उद्या सकाळच्या जीपने निघते आहे. नवरा येत नाही म्हणाला, आजी येते म्हणाली. तिथल्या पोराटोरांना डोळा दाखवून उपयोग नाही, बाहेरून तो चांगलाच दिसतो. बोलावंच लागणार. काय बोलायचं ते दुपारपासून पाठ करते आहे.