खिशातला हात

सानगडीच्या बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे काकाजी नसते, तर मी पदवीपर्यंत पोचलो नसतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. बी.एस्सी.च्या वर्गात जे कळत नसे, ते मी त्यांच्या टेबलावर समजून घेतलं.

त्यांचा पहिला नियम होता: चालू वस्तूत एक हात घालायचा, दुसरा खिशात ठेवायचा.

“काहून जी?”

“दोन्ही लावशील तं करंट या हातातून त्या हातात जाते. मधात छाती हाय.”

“माया खिसा फाटला हाय.”

“मंग का झालं? पैसे ठेवाचे हाय का त्याच्यात?”

आता मी भंडाऱ्यात एका कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळतो. मागच्या वर्षी तिथलं एक जुनं मोजणीयंत्र भंगारात निघालं. विचारून मी त्यातल्या चार काचेच्या नळ्या काढून घेतल्या. प्रत्येक नळीत तारेचे शून्य ते नऊ इंग्रजी आकडे एकामागे एक उभे असतात. वीज मिळेल तो आकडा निखाऱ्यासारखा उजळतो. दर रविवारी मी सानगडीला काकाजींकडे जाऊ लागलो आणि आम्ही त्या नळ्यांचं घड्याळ बांधायला घेतलं. या नळ्यांना दीडशेच्या वर व्होल्ट लागतात, म्हणून तपासताना दोघांचाही डावा हात खिशात.

पहिल्या नळीत पाच उजळला, तेव्हा काकाजी वाकून पाहत राहिले. “हा पाच नाही बे, उलटा लावलेला दोन हाय. बनवनारा आपल्यासारखाच दिसते. जे हाय त्याच्यात भागवलन.”

तीन नळ्या बसल्या आणि काकाजींना लकवा मारला. डावा हात गेला. भेटायला गेलो तेव्हा ते खाटेवर बसून होते.

“ज्या हाताले जिंदगीभर जपलो, तोच गेला,” ते म्हणाले. मग भिंतीकडे पाहत म्हणाले, “घड्याळ घेऊन जाय. एका हातानं सोल्डरिंग होत नाही. दुकान बंद करून राहिलो मी.”

मी घड्याळ उचललं. भंडाऱ्याला घेऊन आलो. पुढे ते फोन घेईनात, तेव्हा पत्र लिहिलं:

काकाजी,

घड्याळ तसंच ठेवलं आहे. चौथी नळी मला एकट्याला बसवता येईल, पण बसवणार नाही. मिनिटांचा शेवटचा आकडा नाही, त्यामुळे ते धड वेळ सांगत नाही.

तपासायला एकच हात लागतो, हे तुम्हीच शिकवलं. तुमचा तो हात शाबूत आहे. सोल्डरिंगला दोन लागतात, त्यातला एक माझा घ्या. आयर्न तुम्ही धरा, तार मी धरतो.

रविवारी येतो. शटर उघडून ठेवा. माझा दुसरा हात खिशात असेल. खिसा आता फाटका नाही.