एकवीस दिवसांचं मुकं पारायण

शुद्धलेखन माझं चौथीतच सुटलं आणि अक्षर म्हणजे वाळत घातलेली सुकट, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. चुकलंमाकलं पोटात घालावं. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. डोळा परत मिळाला आहे, तर त्याच्याकडून पहिलं काम हे करून घ्यावं, एवढंच.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, डावाही धूसर झालेला. पनवेलच्या दवाखान्यातून मला दोनदा परत पाठवलं. ऑपरेशनच्या खोलीपाशी नेलं की माझं ब्लडप्रेशर चढायचं. डॉक्टर म्हणाले, "मावशी, आता महिन्याने या. त्यानंतर उशीर केलात तर डोळा हातचा जाईल." घरी येऊन तांदूळ निवडायला बसले आणि खडे समजून तांदूळच फेकले. तेव्हा देवावरून मन उडालं. ज्याला मी दिसत नाही, त्याला मी कशाला शोधू, असं वाटलं.

थोरल्या जाऊबाईंनी सुचवलं, एकवीस दिवस महाराजांच्या पोथीचं पारायण कर. डोळ्यांमुळे वाचता येत नव्हतं, म्हणून ऐकायचं ठरलं. स्टँडजवळच्या दुकानात पोथीच्या सीडीचे सत्तर रुपये सांगितले. माझ्याकडे वीस होते. मी वळले, तर दुकानदार म्हणाला, "न्या मावशी. उरलेले पन्नास पारायण झाल्यावर द्या." ओळख ना पाळख.

आमचे मालक कंटेनरच्या यार्डात कामाला गेले की मी अंघोळ करून निरांजन लावायची, टीव्हीखालच्या डीव्हीडीला हळदकुंकू वाहायची आणि सीडी घालायची. पारायणात मध्येच उठायचं नाही, बोलायचं नाही. पहिल्या दिवशी लांब कुठे कुणी उखळात सावकाश कांडतंय असा ठोका आला. मग हंड्यात थेंब पडल्यासारखं काही. मागे एक लांबलचक सूर, खाडीवरच्या वाऱ्यासारखा. पडद्यावर निळं तेज दिसत होतं. मी हात जोडून महाराजांच्या शब्दांची वाट बघत बसले. तासभराने सीडी संपली, शब्द काही आला नाही.

"गो, तुजे महाराज मुके हायत काय?" भिंतीपलीकडून जाऊबाई म्हणाल्या.

"अजून वाद्यंच चाललीत, जाऊबाय. माझं मन शुद्ध झालं की बोलतील."

तिसऱ्या दिवशी त्या पाट घेऊन आल्या आणि भिंतीला टेकून घोरू लागल्या. गुडघ्यांमुळे त्यांना वर्षभर धड झोप नव्हती. मी तशीच ऐकत राहिले. शब्द कधी येईल याची घाई हळूहळू कमी झाली. नवव्या दिवशी ठोक्यांच्या मधून एका बाईचा श्वासासारखा आवाज आला, "हं." आधीही येत असेल, माझंच लक्ष नसेल. जाऊबाई जाग्या झाल्या आणि सीडी संपेपर्यंत कशाबशा गप्प बसल्या.

"काय बोलले गो?"

"हं म्हणाले."

"मंग झालं. हो बोलले. आता व्हनार तुजं ऑपरेशन."

पारायण पुरं झाल्यावर तिसऱ्यांदा दवाखान्यात दंडाला पट्टा आवळला, तेव्हा मी मनात तो ठोका लावला. डॉक्टरांनी दोनदा मोजलं. "मावशी, मशीन बिघडलं की तुम्ही सुधारलात?" मला लाज वाटली. पारायणाचं नाव मी काढलं नाही. ऑपरेशन झालं.

पट्टी निघाल्यावर घरी सीडी लावून पडद्याकडे पाहिलं. निळं तेज म्हणजे नुसता निळा पडदा होता, कोपऱ्यात आकडे पळत होते. डबीवर महाराज होते, आतल्या तबकडीवर इंग्रजी अक्षरं. दुकानात नेली, तर दुकानदाराने कपाळावर हात मारला. "मावशी, ही विलायती गाणी. तीसुद्धा बिनशब्दांची. एका कम्प्युटरवाल्या साहेबांची सीडी तुमच्या डबीत गेली आणि तुमची पोथी त्यांच्याकडे."

"ते रागावले का?"

"अजून तक्रार घेऊन आले नाहीत."

तो पन्नास नकोच म्हणाला, वर खरी पोथी देऊ लागला. चूक त्याची, मान्य. पण मी एकवीस दिवस मागायचं विसरून नुसती बसले होते, ते याच सीडीपुढे. आपण शब्दांची वाट बघतो, आणि देव नुसता शेजारी बसलेला असतो. एवढं सगळं मला तिथे बोलता आलं नाही. मी म्हटलं, "हीच राहू द्या." पदराची गाठ सोडली आणि दहाच्या पाच नोटा, प्रत्येक नीट दिसत असताना, मोजून त्याच्या हातात ठेवल्या.