सगळे डावे पाय

माधवनगरला आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर गणवेशाचा एक कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, चौदा शिलाई मशीन आणि मधोमध भलं लांबलचक टेबल. नव्वदच्या आसपास लग्न होऊन मी कडेगावहून इथे आले आणि दोन-तीन वर्षांत मशीनवर बसायला लागले. मशीनवर सगळ्या बायका. टेबलावर मात्र पुरुषाचंच राज्य, तेही एकट्या कटिंग मास्तरांचं. त्यांचा हाताखालचा माणूस मुंबईला गेला, तेव्हा ती जागा मला हवी म्हणून मी हट्टच धरला.

मशीनवरच्या कामाचा मला मनापासून वैताग होता. दिवसभर खिसे. सकाळी खिसे, दुपारी खिसे. शर्ट पुरा झालेला कधी बघायलाच मिळायचा नाही. टेबलावर मात्र सपाट कापडातून बाही, कॉलर, पाय असं सगळं डोळ्यांदेखत वेगळं होत जायचं. ते मला फार आवडायचं.

मास्तर माण तालुक्यातले. अर्धं आयुष्य मुंबईत कापड कापण्यात घालवून परत आलेले. बोलणं तिखट, पण हात असा सरळ की खडूची रेघ पट्टीशिवाय मारायचे. "शिवल्यालं उसवता येतंय, कापल्यालं जोडता येत न्हाई," हे त्यांचं रोजचं वाक्य. शेठ, म्हणजे कारखान्याचे मालक, मला टेबलावर घ्यायला तयार नव्हते. शेवटी म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. एक चूक झाली की परत मशीनवर. मग रडायचं नाही." मी म्हटलं, रडणारी मी नव्हेच.

नवरात्रात साताऱ्याच्या एका शाळेची ऑर्डर आली. बँडपथकासाठी पांढऱ्याशुभ्र ड्रिलच्या, म्हणजे जाड सुती कापडाच्या, फुल पँटी. ड्रिलला उलट-सुलट बाजू असते. उलटी बाजू बाहेर आली की लांबूनही कळते. म्हणून कापडाचे थर सगळे सुलट्या बाजूने एकावर एक अंथरायचे. वरच्या थरावर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून खडूने आखायचं. हा फर्मा एकाच पायाचा. एकदा आखला की डावा पाय, मग तोच पालथा घालून आखला की उजवा. खुणा एकदा बरोबर झाल्या की मशीनची सुरी चाळीसच्या चाळीस थर एकदम कापत जाते. आणि खुणा चुकल्या तर चूकही चाळीस वेळा होते.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात, त्या दिवशी कात्रीला हात लावत नाहीत. मास्तर दरवर्षी कात्र्या आणि कापायचं मशीन पुजायचे, बास. मी पडले हौशी. म्हटलं, फर्म्यांनी काय घोडं मारलंय? सगळे फर्मे पाटावर मांडले आणि हळद-कुंकू पाण्यात कालवून प्रत्येकावर पाच-पाच बोटं ओढली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काही खोटं नाही.

दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आखायला घेतलं. पहिला पाय आखला, फर्मा पालथा घालायला उचलला आणि थबकले. वर सगळं हळद-कुंकू. पांढऱ्या कापडावर घासलं तर डाग. शिवाय पुजलेली बाजू पालथी घालायची कशी? पुसून टाकलं असतं तर प्रश्न मिटला असता, पण लग्न झालेली बाई मी, सणाचं कुंकू पुसायला माझा हात काही धजेना. मग मी डोकं चालवलं. फर्मा पालथा न घालता तिथल्या तिथे गोल फिरवला, कंबर खाली आणि पाय वर. दिसायला तो उलटाच झाला. शिवाय दोन्ही पाय एकात एक असे छान बसले की कापडही वाचलं. पायाच्या मागच्या भागाचा वेगळा फर्मा होता, तोही तसाच फिरवला. स्वतःवर इतकी खूश झाले की मास्तरांना हाक मारून दाखवलं.

"ब्येस बसवलंस की गं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी सुरी चालू केली.

दुपारी गठ्ठे मशीनवर गेले. पाचच मिनिटांत माझ्या जुन्या शेजारणीचा आवाज आला, "आवं मास्तर, ह्यात उजवा पाय कुटं हाय?" मास्तरांनी एक गठ्ठा सोडला, दुसरा सोडला. सगळे डावे. फर्मा नुसता गोल फिरवला तर डावा पाय डावाच राहतो, पालथा घातल्याशिवाय उजवा होत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. शेजारीण काही गप्प बसणारी नव्हती. "माजा मालक फौजेत हाय. तितंबी लेफ्टच्या मागनं राईट येतंय. तुमचं आपलं लेफ्ट-लेफ्टच चाललंय." सगळी मशीन थांबली आणि शेडमध्ये हशा पिकला. मी मात्र घामाने ओली झाले होते.

शेठ बाहेर आले. "आखलं कुणी?"

"मी," म्हटलं.

"सोमवारपासून मशीनवर."

मास्तर म्हणाले, "आखलं तिनं, पर कापलं म्या. बगितलं न्हाई. मग मलाबी मशीनवर बसवा. पर खिसा शिवाय येत न्हाई मला, आदीच सांगतो." शेठ हसलेही नाहीत. ते केबिनमध्ये गेले. मी मनातल्या मनात शेठला, फर्म्याला आणि स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या. देवाला तेवढं वगळलं.

शनिवारचा एकच दिवस हातात होता. कोऱ्या पुठ्ठ्यावर नवे फर्मे उतरवून घेतले आणि गोदामातल्या शिल्लक ताग्यांतून आम्ही उजवे पाय कापले. निम्मे डावे जोडीला लागले, निम्मे उरले. त्या उरलेल्या लांबच लांब डाव्या पायांकडे बघताना मला पहिलीतल्या पोरांच्या हाफ चड्ड्या आठवल्या. छोटा फर्माही कोऱ्या पुठ्ठ्यावर उतरवून घेतला, एका पायावर वरच्या अंगाला सुलटा ठेवला, खालच्या अंगाला पालथा. दोन्ही बसले. एका वाया गेलेल्या पायात छोटा डावाही निघाला आणि उजवाही. मास्तरांनी चार ठिकाणी पट्टी लावून बघितलं, मान हलवली आणि सुरी चालवली. संध्याकाळी पांढऱ्या चड्ड्यांचे गठ्ठे शेठच्या दारात ठेवले. शेठनी ते मोजून घेतले आणि केबिनचं दार लावून घेतलं.

सोमवारी मी मुकाट्याने मशीनवर जाऊन बसले. समोर खिशांचा ढीग. डोळे भरून येत होते, आणि त्याचाच राग येत होता. तिकडे मास्तरांनी नवा तागा टेबलावर टाकला, कापडाचं एक टोक धरलं आणि तसेच उभे राहिले. दुसरं टोक धरणारं कुणी नव्हतं. एक मिनिट गेलं, दोन गेली. शेठ दारात येऊन म्हणाले, "काय झालं मास्तर? लावा की कापड."

"कापड एकट्यानं आतरत्यात व्हय, शेठ? मदीच चुन्या पडत्यात."

"मग घ्या की कुणाला तरी."

"हाय की माजं मानूस," मास्तर म्हणाले. "तुमी तिला तितं बसवलंय."

कुणाचंच मशीन चालत नव्हतं. शेठनी माझ्याकडे बघितलं. मग टेबलाकडे. मग मोठ्याने म्हणाले, "आता बसून काय राहिलीस? टोक धर."

मी उठले. खिसे तिथेच टाकले आणि कापडाचं दुसरं टोक धरलं. मास्तरांनी आपल्या बाजूने ओढ दिली, मी माझ्या. सगळ्या बायकांसमोर ढसाढसा रडत मी पहिला थर लावला, आणि तो अगदी सरळ लागला.