दामल्यांच्या नावाची पानं

आधीच सांगून टाकतो — असल्या गोष्टींची मी कायम टिंगल केलेली आहे. वर्ध्याला हॉस्टेलवर कोणी भुताचं काही सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न असायचा, "त्या दिवशी जेवला काय होतास?" त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं, भर दिवसा, ट्यूबलाइटच्या उजेडात.

नव्वदीच्या मधली वर्षं. खडकी स्टेशनपासून पंधरा मिनिटं चालत गेलं की पंप बनवणारी एक कंपनी होती, तिथे मी कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. पहिल्या मजल्यावर काचेची एसी खोली, तिच्यात एक युनिक्सचं मशीन आणि कपाटाएवढा लाइन प्रिंटर. माउस वगैरे काही नाही. काळा स्क्रीन, हिरवी अक्षरं, कमांड टाइप करायची. सगळ्या खात्यांची छपाईची कामं माझ्याकडे रांगेत लागायची. रांग बघणं, नको ते काम कॅन्सल करणं, अडलेलं पुढे सोडणं — ही माझी नोकरी.

रविवारची ड्यूटी मी मागून घेतली होती. खडकी बाजारातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत रविवार संपता संपायचा नाही. पुण्यात ओळखीचं कोणी नाही... मेसवाल्याला "भात द्या" म्हटलं, तेवढाच दिवसभरातला माझा आवाज, असेही दिवस गेलेत.

फक्त एक दामले होते. स्टोअर्सचे प्रमुख, रिटायरमेंटला आलेले, नारायण पेठेतले. पत्नी वारल्या होत्या, मुलगी बडोद्याला. तेही रविवारी यायचे आणि कंपाउंडच्या पार टोकाच्या शेडमध्ये एकटेच बसायचे. तिथल्या टर्मिनलवरून मालाच्या याद्या छापायला पाठवायचे आणि लगेच इंटरकॉम करायचे.

"वानखेडे, आमचा नंबर कितवा?"

"तिसरा, सर."

"सर शाळेत असतात. मी दामले. आणि तिसरा म्हणजे... एवढ्यात रेशनची साखर घेऊन घरी पोचलो असतो."

आठ महिन्यांत समोरासमोर भेटलो ते दोनदा. पण तो फोन आला नाही की मला चुकल्यासारखं व्हायचं.

त्या रविवारी फोन आलाच नाही. नवल वाटलं नाही, कारण वायरिंगच्या कामासाठी शेडची लाइट दिवसभर बंद राहणार अशी नोटीस लागलेली होती. म्हटलं, आले नसतील. सोमवारच्या मीटिंगचे वीसेक रिपोर्ट लावून मी बसलो होतो.

साडेअकराच्या सुमाराला दोन रिपोर्टांच्या मध्ये एक वेगळंच पान निघालं. प्रत्येक कामाच्या आधी, ज्याचं काम त्याच्या नावाचं एक पान छापलं जायचं — बारीक अक्षरं जोडून केलेलं पानभर मोठं नाव. त्यावर दामल्यांचं नाव होतं. मागे यादी मात्र नाही. कोरं.

रांग बघितली. दामल्यांच्या नावाची आणखी चार कामं. च्यायला, म्हणजे आलेत तर! इंटरकॉम लावला... वाजत राहिला. चारही कामं कॅन्सल केली. पुन्हा रांग बघितली, तर तीन नवी.

मग सिस्टिमवर कोण कोण आहे ते बघायची कमांड दिली. यादीत एकच नाव, माझं.

खरं सांगतो, तेव्हा भीती नाही वाटली, चीड आली. रिपोर्ट अडकले असते तर सोमवारी बोलणी मलाच बसणार होती. रांगेत नवीन काही घ्यायचंच नाही अशी एक कमांड असते — रिजेक्ट. ती दिली. मशीनने मान्य केल्याचं उत्तरही दिलं. मी खुर्चीत टेकलो, आणि चालू रिपोर्ट संपल्याबरोबर प्रिंटरमधून पान आलं. दामले. त्याच्यामागे पुन्हा, दामले. पुन्हा...

खोली सोडून जायची मला परवानगी नव्हती. तरी उठलो. का, ते आजही सांगता येत नाही. हातात तोवर निघालेली सात पानं धरून कंपाउंडभर पळत गेलो.

शेडचं दार नुसतं लोटलेलं. आत अंधार. शेवटच्या रॅकपाशी जमिनीवर एक टॉर्च पेटलेला पडला होता, शिडी आडवी, आणि तिच्याखाली दामले. तोंड पांढरंफटक, शर्ट घामाने भिजलेला.

"काय झालं जी?" माझ्या तोंडून वर्ध्याचंच निघालं.

त्यांनी डोळे उघडले. "पडलो," एवढंच म्हणाले.

गेटवरच्या वॉचमनला हाका मारल्या, टेम्पो मिळाला, हॉस्पिटलला नेलं. मांडीचं हाड मोडून आत रक्तस्राव चालू होता. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत टिकले नसते.

सोमवारी मशीनचे इंजिनियर आले. शेडमधला मेन स्विच रविवारी सकाळी आठपासून बंद, टर्मिनल थंडगार. कॉम्प्युटरच्या नोंदीत दामल्यांच्या नावाचं एकही काम नाही, त्या वेळचे माझे रिपोर्ट तेवढे ओळीने. मी पानं पुढे ठेवली. त्यांनी उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "झोप झाली होती ना रे तुझी?"

मंगळवारी दामल्यांना भेटायला गेलो. पाय बांधून ठेवलेला, पण शुद्धीवर होते. अंधारात कशाला आलात, विचारलं.

"घरी तरी काय उजेड आहे?" म्हणाले.

पानं दाखवली, सगळं सांगितलं. ते बराच वेळ आपलंच नाव बघत राहिले. मग म्हणाले, "नऊला पडलो असेन. अडीच तास."

"फार ओरडलात का हो? आम्हाला कोणालाच ऐकू आलं नाही."

"नाही."

"म्हणजे?"

"ओरडलोच नाही, वानखेडे. एकदाही नाही." त्यांनी पानं घडी करून माझ्या हातात परत दिली. "रविवारी कोणाला हाक मारायची, हेच सुचलं नाही."

पुढे दामले चालायला लागले, काठी घेऊन. बडोद्याला मुलीकडे राहायला गेले. मी आता पुण्याजवळ मांजरी गावात राहतो, शेकडो सर्व्हर सांभाळतो, त्यातले जाणकार रोज भेटतात. सगळ्यांना विचारून झालं. कोणी म्हणतं केबलमधला गोंधळ, कोणी म्हणतं जुनी कामं डिस्कवर पडून राहिली असतील. असेलही. पण त्या माणसाने हाक मारलेली नव्हती, आणि मी ती ऐकून गेलो होतो... याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.